चंद्री धार देत नाही

नीलम : मामा, तुम्ही आत्तींची साडी नेसलाय.

परशराम : गोठ्याचं दार लाव आधी, सूनबाई.

नीलम : इरकल आहे ती.

परशराम : आसू दे. दार लाव म्हणतो न्हवं? समोर रवळूची बायको भांडी घासायलीया. मघाशी एकदा बघितलं तिनं मला. तवापासनं तीच भांडी दुसऱ्यांदा घासायलीया.

नीलम : लावलं दार. मी फक्त चहा झाला म्हणून सांगायला आले होते. म्हणजे... चहा झालाय. मामा, बांगड्या पण?

परशराम : चारच चढल्या. पाचवी फुटली. तोंड मीट की गं, माशी जाईल.

नीलम : मिटत नाहीये. तुम्ही डोक्यावरून पदर का घेतलाय?

परशराम : चंद्रीसाठी. तुझी आत्ती काल सकाळी धार काढून येताना पडली, सूरज तिला घेऊन बेळगावच्या दवाखान्यात गेला, आणि तवापासनं ह्या म्हशीनं थेंब दिला न्हाय. काल सांजची धार न्हाय, आजची न्हाय. मी बसलो, लाथ. शेजारची अक्काताई आलती, तिला लाथ. डेरीवाला आण्णाप्पा म्हणला, परशराम, जनावर कापड वळखतंय, वैनीचं लुगडं नेसून गुमान बस, अंधारात तिला काय कळायचं न्हाय.

नीलम : मग?

परशराम : तिला कळलं.

नीलम : परत लाथ?

परशराम : लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं मान वळवून बघितलं. वरनं खाली. मग खालनं वर. आणि तोंड फिरवून रवंथ कराय लागली. उभ्या जन्मात कुठल्या म्हशीनं माझ्याकडं तसं बघितलं न्हवतं.

नीलम : मी साडीचा पदर नीट करू का? निऱ्या उलट्या आल्यात.

परशराम : निऱ्या राहू देत. हिकडं ये, कासंला हात लावून बघ. लांबनं. दगड झालाय का न्हाय? जनावरांचा डॉक्टर काल सांगून गेलाय, दुपारपतूर धार निघाली तर निघाली, न्हायतर कास गेली म्हणून समजा. मग म्हस हाय आणि दूध न्हाय. मालू घरात आली की पयली गोठ्यात जाणार. तिला काय दाखवू मी?

नीलम : मग आता काय करायचं?

परशराम : भरमूला बोलवतो. त्यो इंजिक्शन टोचतोय. टोचलं की धार सुटती.

नीलम : आत्तींना चालत नाही ते. मागं भरमूअण्णा आले होते, तर त्या शेणाचं खोरं घेऊन वेशीपर्यंत त्यांच्या मागं गेल्या होत्या.

परशराम : ती आता दवाखान्यात हाय. खोरं घरात हाय.

नीलम : मी आत्तींना फोन लावते.

परशराम : नको! काय सांगणार तिला? नवरा लुगडं नेसून बसलाय म्हणून?

नीलम : वाजतोय. माझ्या हाताला पीठ आहे, स्पीकरवर टाकते. तुम्ही बोलू नका.

मालुबाई : कोण गं, नीलम? माझं बरं हाय. पाय प्लास्टरात हाय, सूरज च्या प्याय खाली गेलाय. चंद्रीचं सांग.

नीलम : आत्ती, चंद्री धार देत नाही.

मालुबाई : कुणालाच?

नीलम : कुणालाच. अक्काताईंना पण नाही. मामांनी तर... मामांनी खूपच प्रयत्न केला.

मालुबाई : त्यांस्नी कशाला देईल ती? कास कशी हाय?

नीलम : दगड. मामा भरमूअण्णांना बोलवायला निघालेत.

मालुबाई : त्या मुडद्याला माझ्या गोठ्यात पाय ठेवू दिऊ नको. आईक माझं. तू एकटीच हाईस न्हवं तिथं?

परशराम : (कुजबुजत) हाय म्हण. मी न्हाय म्हण.

नीलम : हो, एकटीच. म्हणजे चंद्री आहे.

मालुबाई : मग सांगते ते कुणाला बोलायचं न्हाय. सूरजला न्हाय, आणि त्यांस्नी तर मुळीच न्हाय. पेंडीच्या पिपामागं भिंतीत कोनाडा हाय. हात घाल. फडक्यात गुंडाळून एक बाटली ठेवलीया मी.

परशराम : बाटली!

मालुबाई : कोण बोललं?

नीलम : चंद्री.

मालुबाई : चंद्री बाटली म्हणाली?

नीलम : हंबरली ओ. थांबा, हात घालते. पेंडीचा चुरा आहे... हे फडकं... आत्ती. आत्ती, ही तर मी दिवाळीला दिलेली बाटली.

मालुबाई : व्हय.

नीलम : सेंटची. तुम्ही म्हणाला होता, ‘मला कशाला ही नटवी थेरं,’ आणि बाटली कपाटात टाकली होती. मला वाटलं, आवडली नाही तुम्हाला. किती वाईट वाटलं होतं मला. आमच्या सेंटच्या दुकानात हप्ताभर विचार करून काढली होती मी ती.

मालुबाई : आवडली न्हाय असं कवा म्हणले मी? बघ, किती उरलीया.

नीलम : तळाला आहे. आत्ती, ही जवळजवळ रिकामी आहे! तुम्ही रोज लावत होता?

मालुबाई : रोज. पहाटं, सांजचं. धार काढाय जाताना.

परशराम : सेंट मारून म्हस पिळायला!

मालुबाई : ही चंद्री न्हवं.

नीलम : नाही. मामा आहेत. सॉरी, आत्ती.

परशराम : मालू, तू सेंट लावतीस?

मालुबाई : फोन ठेव, नीलम.

परशराम : ठेवू नको! मालू, मी खरंच इचारतो. अंधारात उठून, सेंट मारून, तू गोठ्यात जायचीस. गोठ्यात कोण यायचं?

मालुबाई : चंद्री.

परशराम : आणि?

मालुबाई : आणि शेणावरच्या माश्या. तुमी काय इचारायलाय ते कळायलंय मला. सरळ इचारा की.

परशराम : कुणासाठी लावायचीस?

मालुबाई : म्हशीसाठी.

परशराम : म्हशीला सेंटातलं काय कळतंय?

मालुबाई : तुमच्यापरास जास्त.

नीलम : मी बाहेर जाऊ का?

मालुबाई : थांब तिथंच. बाटली तुझी हाय, तू पण आईक. अवं, ज्या दिवशी पोरीनं बाटली दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते लावलं. पयल्यांदा. कानामागं, मनगटाला, सांगितलं होतं तसं. आणि तुमच्या शेजारी येऊन जेवाय बसले. कवा बसते का मी तुमच्या शेजारी? समोर बसते, वाढायला बरं पडतंय म्हणून. त्या दिवशी शेजारी बसले. तुमी भाकरी मोडलीसा, इकडं तिकडं हुंगलंसा, आणि काय म्हणालासा?

परशराम : काय म्हणलो?

मालुबाई : म्हणालासा, ‘आज फिनेलनं पुसलंय काय गं?’

नीलम : मामा!

परशराम : मला तेवढाच लागतोय वास. फिनेल, राकेल आणि करपलेलं. निपाणीत वखारीत जन्म गेला माझा तंबाखू चाळण्यात. नाकाच्या जागी नुसती दोन भोकं राहिल्यात, मालू. तुला माहीत हाय की.

मालुबाई : माहीत हुतं. पण वाटलं, एवढं भारी हाय, एवढं तरी आत जाईल.

परशराम : मग?

मालुबाई : मग काय? तुमी हात धुवून झोपलासा. मी उठले, सांजची धार राहिली हुती, गोठ्यात आले. चंद्रीनं मान वळवली. माझ्या गळ्याजवळ नाक आणलं, एक लांब श्वास घेतला आणि डोळं मिटलं. त्या दिवशी तिनं बादली भरून वर तांब्याभर दिलं. मी मनात म्हणलं, घरात एकजण तरी हाय.

परशराम : मला सांगायचं हुतंस.

मालुबाई : काय सांगायचं? मला हुंगा म्हणून?

परशराम : अगं, सून ऐकायलीया.

मालुबाई : ऐकू दे.

नीलम : मी ऐकत नाहीये. मी निऱ्या बघतेय.

मालुबाई : कसल्या निऱ्या?

नीलम : काही नाही.

मालुबाई : कसल्या निऱ्या गं?

परशराम : आण्णाप्पा म्हणला लुगडं नेस, म्हणून नेसलो. झालं?

मालुबाई : तुमी? लुगडं? कुठलं?

परशराम : कपाटात वरच हुतं ते.

नीलम : हिरवी इरकल. लाल पदराची.

मालुबाई : सूरजच्या लग्नातली! देवा रवळनाथा! अवं, गोठ्यातलं लुगडं दाराच्या खुंटीला हाय की. चंद्रीनं ती इरकल जन्मात बघितली न्हाय. तिला वाटलं असंल कोण पावणी आलीया!

परशराम : तरीच तसं बघितलं तिनं.

मालुबाई : शेण लागलंय का?

नीलम : अजून नाही.

मालुबाई : मग आता आहे त्यात बसा. वेळ न्हाय. तिला कापड नको, वास पायजे. नीलम, तू बसणार?

नीलम : मी बेळगावातल्या शहापूरची, आत्ती. माझा दुधाशी संबंध पिशवीतूनच.

मालुबाई : मग त्यांस्नीच मार.

परशराम : काय मारायचं?

मालुबाई : सेंट.

परशराम : मला?

मालुबाई : न्हायतर काय भिंतीला?

परशराम : मालू, मी भजनी मंडळात टाळ वाजवतो. बाहेर ती बाई भांडी घासायलीया. ह्या कडोली गावात दरसाली साहित्य संमेलन भरतंय, घरटी एक कवी हाय. पुढच्या संमेलनात माझ्यावर कविता वाचतील.

मालुबाई : म्हशीची कास गेल्यावर कुठली कविता ऐकणार? मार गं पोरी. कानामागं, मनगटावर, गळ्याच्या खळग्यात. आणि चोळायचं न्हाय. चोळलं की फुलं मोडत्यात.

नीलम : हे मीच सांगितलं होतं तुम्हाला! तुम्ही तेव्हा शेंगा फोडत होता. मला वाटलं, ऐकतच नाही आहात.

मालुबाई : शेंगा हातानं फोडतात. कान रिकामंच हुतं.

नीलम : मामा, मान वर करा. हलू नका. हे कानामागं... अहो, वळू नका!

परशराम : डोळ्यात! डोळ्यात गेलं!

मालुबाई : काय झालं?

नीलम : एक डोळ्यात गेलं. वाया. आता बाटलीत एक-दोनच असतील. मामा, देवाशपथ हलू नका. मनगट... हां. आता गळा. फुस्स झालं नुसतं. थांबा... आलं. संपली बाटली.

परशराम : झालं न्हवं? बसू आता?

मालुबाई : नको! आत्ता जाऊ नका. आत्ता जवळ गेलासा तर ती शिंकती.

परशराम : मग काय करू?

मालुबाई : थांबायचं. बादली धुवायची, पेंड भिजवायची, तवर फुलं येत्यात.

परशराम : कुठनं येत्यात?

नीलम : आहे तसं, मामा. काउंटरवर आम्ही हेच शिकवतो. पहिला वास खरा नसतो. तो नुसता दार उघडतो.

मालुबाई : मला ते तुझ्यासारखं बोलता यायचं न्हाय. पयलं मारलं की कसं, मोसंब्याची साल कुणीतरी नाकाजवळ मुरगळल्यागत. डोळं चुरचुरत्यात.

परशराम : ते कळलं मला. डोळ्यात हाय.

मालुबाई : मग ते निघून जातंय. आणि मग जाई येती. एकदम न्हाय, लाजत लाजत. तिच्यामागनं गुलाब, पण दुकानातला न्हवं, गुलकंदाचा असतोय त्यो. आणि त्या दोघींच्या मागं तिसरी कोणतरी हाय. तिचं नाव मला आजपतूर कळलं न्हाय.

नीलम : निशिगंध.

मालुबाई : व्हय काय? वाटलंच मला, अंगानं भरलेली हाय कोणतरी.

परशराम : एवढ्याजणी माझ्या अंगावर हाईत आत्ता?

नीलम : मामा, हा जुना वास आहे. बायकांचा, फुलांचा. आता तसा कुणी जास्त घेत नाही. कॉलेजच्या पोरी येतात, हुंगतात आणि म्हणतात, आजीच्या ट्रंकेचा वास येतोय. त्यांना चॉकलेट पाहिजे, करपलेली साखर पाहिजे. पण आत्तींच्या वयाच्या बायका येतात ना, त्या मनगटावर एकदा मारून घेतात, थँक्यू म्हणतात, काही न घेता जातात. आणि मी काचेतून बघते तर रस्ता ओलांडताना पण मनगट नाकाला.

परशराम : मग तुला घरात वास कसा आला न्हाय? तुझं नाक तर चांगलं हाय.

नीलम : येत होता की! रोज येत होता. मला वाटायचं, माझ्याच अंगाला चिकटून आलाय दुकानातून. मी रोज संध्याकाळी साबण लावून घासत होते स्वतःला.

मालुबाई : बघायचे मी. दया यायची. पण सांगू कशी?

परशराम : मालू, पण लपवायचं कशाला? गजरा घालावा की माणसानं, जाई पायजे तर.

मालुबाई : गजरा घातला की अक्काताई इचारती, आज काय हाय? रवळूची बायको इचारती, कुठं निघालीस? गजऱ्याला कारण लागतंय. आमच्या वयात तर लेकाचं लग्न लागतंय. हे घातलं की कुणाला दिसत न्हाय. आणि एक सांगू?

परशराम : सांग.

मालुबाई : ते अंगावर असलं की मी घाईनं चालत न्हाय.

परशराम : का?

मालुबाई : सांडंल असं वाटतंय.

नीलम : आत्ती...

मालुबाई : रडायलीस काय? रडू नको. वास घे त्यांचा. मोसंबं गेलं का बघ.

नीलम : गेलं. जाई आलीय. मामा, खरंच आली. तुमच्या गळ्याजवळ... अगदी छान येतोय.

परशराम : मला फिनेल पण येईना.

मालुबाई : जावा आता. डाव्या अंगानं बसा. टाचा टेकू नका. आणि तोंडानं चकार शब्द काढू नका, तुमचा आवाज तिला माहीत हाय. बोलायचं ते मी बोलते. नीलम, फोन तिच्या कानाजवळ धर. लांबनं. चंद्री... ए बाय... माझी गुणाची ती... बघ की, मी हाय. फुलं आणल्यात बघ तुला...

परशराम : मालू.

मालुबाई : बोलू नका म्हणलं न्हवं!

परशराम : हळू बोलतो. ती वळली. नाक आणायलीया. माझ्या गळ्याला नाक लावलंय तिनं, मालू. गार हाय.

मालुबाई : हलू नका.

परशराम : श्वास घ्यायलीया. लांब. अजून घ्यायलीया.

नीलम : डोळे मिटले, आत्ती! डोळे मिटले तिनं!

मालुबाई : आता हात लावा. कोमट पाण्याचा. अंगठा आत घालू नका, मुठीनं. हळू...

(बादलीत धार वाजते.)

मालुबाई : वाजली?

नीलम : वाजली. आत्ती, वाजली!

मालुबाई : पयली धार भुईवर सोडा. घट्ट असंल, गुठळी असंल. मग बादलीत. सगळी काढा, शेवटपतूर, कासंत काय ठेवायचं न्हाय. बास झाली म्हणेपतूर काढा.

नीलम : फेस यायला लागला. कास मऊ पडायलीय. मला बघवेना, किती सोडायलीय ही!

परशराम : मालू.

मालुबाई : आता काय?

परशराम : मला अजून काय वास येईना.

मालुबाई : माहीत हाय.

परशराम : पण म्हशीचं तोंड दिसायलंय मला हितनं. लई भारी असणार ते.

मालुबाई : व्हय. लई भारी हाय.

परशराम : त्या दिवशी शेजारी बसलीस, ते तरी बघाय पायजे हुतं मी.

मालुबाई : ... सूरज आला, कप घेऊन. त्याला कायबी सांगू नका. इरकल गार पाण्यात भिजवा, घासू नका. ठेवते.

नीलम : कट झाला. मामा, मी आज दुकानातून दुसरी बाटली आणते. तीच. मोठी.

परशराम : आण. कोनाड्यात ठेवू नको पण. आरशापुढं ठेव.

नीलम : ठेवते. तुम्ही आता आंघोळ करा, पाणी काढते. दुपारच्या बसनं आत्तींना भेटायला जायचंय ना?

परशराम : जायचंय. नीलम...

नीलम : काय ओ, मामा?

परशराम : त्या दवाखान्यात हाडाचा डॉक्टर हाय. नाकाचा बसतोय काय गं?